मखमलीचे कान

अप्पांनी माझ्या डोक्याचं माप घेतलं तेव्हा मी चाळिशीची होते.

"सरळ बस, हलू नकोस," ते म्हणाले. "डोक्यावर घालायचीच वस्तू ना? मग माप न घेता कशी आणणार? टोपी तरी आणतं का कुणी अशी सुम्ने, उगाच?"

"अप्पा, हेडफोन लहानमोठा होतो. वरची पट्टी सरकते त्याची."

"सरकू दे. आपल्याला आपलं माप ठाऊक पाहिजे."

गळ्यातली टेप काढून त्यांनी ती माझ्या एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत ताणली आणि टेबलावर पसरलेल्या कापडाच्या कडेला खडूनं आकडा टिपला. मग कानांची उंची, मग रुंदी.

"डावा कान सूतभर मोठा आहे तुझा," ते म्हणाले. "आईसारखा."

बोलून गेले आणि टेप बोटाभोवती गुंडाळू लागले. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं नाव आमच्या घरात असंच निघायचं, कापडात विसरलेल्या टाचणीसारखं, हात फिरवताना अचानक टोचणारं.

आमचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कन्नड मुलखातल्या आमच्या शहरात, अग्रहार पेठेत, विठ्ठलमंदिराच्या मागच्या बोळात. खोलीत दोन शिलाई मशिनं समोरासमोर. एक अप्पांचं, एक आईचं. लग्न होऊन आल्यापासून आई त्या मशिनवर बसली ती शेवटच्या दुखण्यापर्यंत. ती झगे, चोळ्या, उशांचे अभ्रे शिवायची. अप्पा सदरे, पोलकी आणि देवाची वस्त्रं. पाठ दुखली की दोघं एकाच वेळी मागं टेकायची, जणू एकाच पट्ट्यावर दोन्ही चाकं बांधली होती.

आणि आई ओव्या करायची. तिच्या आईनं त्या जात्यावर गायल्या. आईच्या वाट्याला जातं आलं नाही, पायानं चालवायचं मशीन आलं, तर तिनं जात्याची ती घरघर मशिनच्या पायट्यावर आणून बसवली. पाऊल पुढं गेलं की एक शब्द, मागं आलं की दुसरा. तिच्या ओवीत चंद्र-तारे फारसे नसायचे. बॉबिन असायची, अस्तर असायचं, आटलेलं कापड असायचं. अर्धा कन्नड शब्दही कधी काठासारखा लावलेला असायचा.

अठ्ठ्याऐंशी साली, मी बारा वर्षांची असताना, इस्त्रीच्या टेबलावरच्या कपड्यांच्या ढिगाखाली टू-इन-वन लपवून मी तिच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या. तिला पत्ताच नव्हता. एकूण अकरा ओव्या. त्यातल्या दहा पुऱ्या आल्या. अकरावी अशी:

*पहिली घालते टीप, विठूच्या गं शेल्याला,*
*दुसरी घालते टीप, लेकीच्या गं झग्याला,*
*तिसरी घालते टीप, धन्याच्या सदऱ्याला,*

ओवीला तीन चरण पुरे आणि चौथा आखूड, अर्धा. या ओवीचा तो अर्धाच मला कधी मिळाला नाही. आई तिथं आली की आवाज खाली घ्यायची आणि पाय जोरात मारायची. मशीन धडधडायचं आणि ओवीचं शेपूट त्याच्या पोटात जायचं. लहानपणी मी विचारायची, "पुढं काय गं?" ती म्हणायची, "टीप संपली, ओवी संपली. जा, अभ्यास कर."

कॅसेटवरही तसंच. तीन ओळी स्वच्छ, मग धडधड, आणि धडधडीखाली एक गुणगुण.

ते सगळं तसंच राहिलं असतं, पण मधे माझी भाची आली. माझा धाकटा भाऊ बेंगळुरात असतो. त्याची मुलगी नऊ वर्षांची. तिच्या मराठीत 'ये', 'जा', 'भूक लागली' आणि 'नको' एवढेच शब्द, बाकी सगळं कन्नड आणि इंग्रजी. उन्हाळ्यात ती आली होती तेव्हा मी गिटारवर आईच्या एका ओवीची चाल वाजवली. पोरगी समोर मांडी घालून बसली आणि हललीच नाही. "अत्ते, आज्जीची सगळी गाणी अशी करून दे," म्हणाली. मी तिला फोनवर कॅसेटमधल्या ओव्या ऐकवल्या. आमच्याच शहराच्या टोकाला, हेब्बाळला माझी कंपनी आहे, तिथल्या एका मुलानं त्या कॅसेटवरून उतरवून दिल्या होत्या. अकरावी ओवी संपली तसा तिनं फोन उलटासुलटा करून पाहिला.

"अत्ते, हे गाणं मधेच पडलं का?"

दसऱ्याला ये, तोपर्यंत अकराही गाणी करून ठेवते, असं मी तिला सांगून बसले. पुरी अकरा.

अप्पांना विचारायचं सोडून दुसरा मार्ग नव्हता. ते तर आयुष्यभर समोरच्या मशिनवर बसलेले.

"मला कुठून ऐकू येणार?" ते सुईत दोरा ओवत म्हणाले. "दोन-दोन मशिनं चालायची."

"पण दहा ओव्या पाठ आहेत तुम्हांला."

"दहा आहेत ना? मग झालं की."

त्या दिवशी त्यांना आठवावं म्हणून मी फोनवर कॅसेट मोठ्यानं लावली. आईचा आवाज खोलीत आला. अप्पांच्या हातातली कात्री कापडाच्या मध्यावर थांबली. कापता कापता कात्री सोडायची नाही हे त्यांनीच मला शिकवलेलं, रेघ चुकते म्हणून. त्यांनी कात्री कापडातच ठेवली, चपला घातल्या आणि देवळाकडं निघून गेले. तासाभरानं आले ते उंबऱ्यातच म्हणाले, "तुला गिटारवर काय करायचं ते कर, कमल. पण तिचा आवाज घरात मोकळा सोडू नकोस."

म्हणून हेडफोन. आईचा आवाज माझ्या कानात, गिटार माईकमध्ये, आणि घर गप्प. शिवाय मनात एक लोभ होताच. चांगल्या हेडफोनमधून त्या धडधडीखालचं शेपूट ऐकू आलं तर?

मापाचा कागद पर्समध्ये घालून मी देवराज मार्केटच्या मागं मालोजीरावांच्या दुकानात गेले. मालोजीराव जुन्या फौजी घराण्यातले, मिशा अजून पलटणीतल्या. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रांचा सगळा साउंड तेच बघायचे. आता माईक, वायरी, हेडफोन असलं विकत बसलेले असतात.

"कशासाठी पाहिजे?" त्यांनी विचारलं.

"घरी गिटार रेकॉर्ड करायचंय. आणि एरवी गाणी ऐकायला. कंपनीच्या बसमध्ये तास जातो माझा."

"म्हणजे एकाच बैलानं नांगर पण ओढायचा आणि जत्रेत पण मिरवायचं." ते हसले. "बघू या. हा कागद कसला?"

मी माप दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि दुकानातल्या सगळ्या वस्तूंकडं एकदा पाहून मान हलवली. "चाळीस वर्षांत पहिलं गिऱ्हाईक, जे कानाची रुंदी घेऊन आलं. शिंप्याच्या घरच्या का तुम्ही?"

"हो. हणमंत शिंप्यांची."

"मग बरोबर." त्यांनी एकदम मला अहो-जाहोतून काढून लेकीच्या जागी बसवलं. "ऐक. बिनवायरचा बघूच नको. त्यात सूर उशिरानं पोचतो. तू तार छेडणार आता, कानात येणार मग. बसमध्ये चालेल, रेकॉर्डिंगला हात बावचळतात. आता तुझं गाणं लाव, माझं नको. ओळखीच्या आवाजावरच हेडफोन कळतो."

त्यांनी काढलेला पहिला हेडफोन चकचकीत, लाल रेघेचा. मी डोळे मिटून अकरावी ओवी लावली. आई विहिरीतून गाते आहे असं वाटलं. पायट्याचा प्रत्येक ठोका ढोलासारखा.

"बेस वाढवून ठेवलाय त्यात," मालोजीराव म्हणाले. "पोरांना आवडतो. खरं काय आहे ते सांगत नाही तो."

दुसरा राखाडी, कानांच्या मागं बारीक जाळी असलेला. तो चढवला आणि मी काउंटरची कड धरली. मी दुकानात होते, पण मालोजीरावांच्या नव्हे. उजवीकडं चाकाचा पट्टा चर्र करत होता. शटलचं टिकटिक समोर. मागं दूर कुठं आजी, अप्पांची आई, भांडं ठेवत होती, ते भांडंही मला कधी ऐकू आलं नव्हतं. आणि मधे आई, हातभर अंतरावर, ओठांत टाचणी धरून गायची तशी. मी ओवी तीनदा लावली. शेवटाला तीनही वेळा धडधड आणि गुणगुण. शब्द नाहीत.

मी डोळे पुसले तेव्हा मालोजीराव पाठमोरे होऊन खोकी नीट लावत होते. नीटच होती ती.

"हाच द्या," मी म्हटलं.

"थांब." त्यांनी तो माझ्याकडून घेतला, काउंटरवर ठेवला आणि ओठांवर बोट ठेवलं. जाळीतून आई बारीक आवाजात गात होती, दोन हातांवरून ऐकू येईल अशी. "हा मोकळ्या पाठीचा. ऐकायला याच्यासारखा नाही. पण हा घालून माईकसमोर बसलीस तर बाई तुझ्या गिटारमध्ये शिरणार. मग काढायच्या म्हटलं तरी निघणार नाहीत."

मला अप्पांचं उंबऱ्यातलं वाक्य आठवलं.

तिसरा होता साधा काळा, बंद पाठीचा, कानाभोवती रेक्झिनच्या जाड गाद्या, लांब वायर. त्यात आईचा आवाज होता तसा होता, ना विहीर, ना अंगण. नुसतं दार लावलेल्या खोलीतलं गाणं. कानावर चढवला की बाहेरचं मार्केट बंद, आणि काउंटरवर ठेवला की आई बंद. गुणगुण यात जरा जवळ आली. तिचा सूर कळला, चढ कुठं, उतार कुठं. शब्द नाहीतच.

"शब्द कॅसेटवर नसतील तर कुठल्याच हेडफोनमध्ये नाहीत बाळ," मालोजीराव म्हणाले. "हेडफोन चाळणी आहे. पिठात असेल तेच दिसणार."

मी काळा घेतला. दुकानातून निघताना राखाड्याकडं पाहायचं टाळलं.

घरी अप्पांनी तो हातात घेऊन उलटसुलट केला. गाणं त्यांना ऐकायचंच नव्हतं. त्यांनी गादी दाबून पाहिली, शिवण नखानं ओढली.

"शिलाई कच्ची आहे. आणि हे रेक्झिन, स्कूटरच्या सीटला लावतात तसलं. यात कान शिजतील तुझे."

"सगळे असेच असतात हो."

"सगळ्यांचं मला काय? मी सगळ्यांचे कान मापले नाहीत."

आठवडाभर मी रोज संध्याकाळी कंपनीतून आल्यावर सराव केला. काढून ठेवला की कान खरंच लाल व्हायचे. अप्पा समोरून बघायचे. मी आईच्या मशिनच्या स्टुलावर बसायची, कारण घरात तेवढीच जागा शांत. गिटारला अजून आईनं शिवलेलीच खोळ. मी कॉलेजात असताना जयलक्ष्मीपुरमच्या सरांकडं शिकायला जायची, तेव्हा तिनं शाळेच्या खाकी चड्ड्यांच्या उरलेल्या कापडाची शिवली होती, पट्ट्यांना दुहेरी टीप, आत छोटा खिसा. "यात काय ठेवायचं?" मी विचारलं होतं. "मला काय ठाऊक? खिसा असावा," ती म्हणाली होती.

त्या स्टुलावर बसलं की समोर अप्पा दिसतात. आईला रोज दिसत असतील तसे. मान खाली, चष्मा नाकावर, गळ्यात टेप. फक्त एक गोष्ट वेगळी. आई होती तेव्हा अप्पांच्या सदऱ्याची वरून दुसरी गुंडी कायम लोंबायची. आठवड्यातून दोनदा तरी. गिऱ्हाइकं हसायची, "काय हो हणमंतराव, लोकांच्या गुंड्या लावता आणि स्वतःची?" अप्पा लाजून हसायचे. मग आई मशीन थांबवून "इकडं या" म्हणायची आणि उभ्या उभ्या गुंडी लावून द्यायची. शेवटी वाकून दातानं दोरा तोडायची. आतल्या खोलीतून आजी तेवढ्यात खोकायची. आई गेल्यापासून अप्पांच्या गुंड्या पक्क्या. एकही हलत नाही.

रेकॉर्डिंग ठरलं दसऱ्याच्या आधीच्या रविवारी. शनिवारी सकाळी हेडफोन उचलला आणि ओरडलेच.

"अप्पा! हे काय केलंत?"

काळ्या रेक्झिनच्या गाद्या गायब. त्यांच्या जागी जांभळ्या मखमलीच्या, मऊ कापसाच्या, बारीक टाक्यांनी शिवलेल्या दोन गाद्या. डावी सूतभर मोठी. मखमल ओळखीची होती. आईच्या वेळी शिवलेल्या विठ्ठलाच्या टोपीचं कापड. आमच्याकडं देवाच्या वस्त्राची कात्रणं फेकत नाहीत. त्यांची बाळांसाठी टोपरी शिवतात आणि ज्यांच्या घरी पाळणा हलतो त्यांना देतात. तशी कात्रणं जपून ठेवायचा पत्र्याचा डबा आईच्या मशिनखाली होता, तिच्यामागं कुणी न उघडलेला. अप्पांनी तो उघडला होता.

"कान लाल होत होते तुझे," अप्पा म्हणाले. चेहऱ्यावर नवी चोळी दाखवणाऱ्याचा आनंद होता.

"अहो, ते रेक्झिन आवाज अडवायला असतं! बंद पाठीचा म्हणून घेतला मी. आता सगळा आवाज कडेनं निघून जाणार. उद्या रेकॉर्डिंग आहे!"

अप्पांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, गादी म्हणजे गादी."

"जुन्या कुठं आहेत?"

"उसवल्या. आतलं फोम तुटलं." ते म्हणाले, "परत रेक्झिनची शिवून देतो. आज कापड आणतो, परवा—"

परवा भाऊ येणार होता. मी हेडफोन घातला. मखमल कानाला लागली, गार आणि हलकी, जणू कुणी कानांवर दोन्ही तळवे अलगद धरले आहेत. मला आणखीच राग आला, कारण ती बरी वाटत होती.

"राहू दे," मी म्हटलं. "आवाज बारीक ठेवीन."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी शेजारी सांगायला गेले. "भवानीबाई, तासभर मिक्सर लावू नका हं."

"चटणी थांबेल गं," भवानीबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं घोरणं कसं थांबवू?"

"दार लावून घ्या त्यांचं."

"चाळीस वर्षं तेच करते आहे!"

घरी आले तर अप्पा त्यांच्या जागेवर. मला वाटलं होतं ते देवळात जाऊन बसतील.

"देवाच्या अंगरख्याची काजं राहिलीत," ते म्हणाले. "मशीन नाही लावत. सुईचा आवाज येतो का तुझ्या माईकला?"

"नाही येत."

"मग आयतु, झालं तर. तू तुझं कर, मी माझं करतो."

मी माईक आईच्या मशिनच्या पाटावर ठेवला, वायर लॅपटॉपला जोडलेल्या पेटीत खोचली, मखमल कानांवर चढवली आणि आईला हळू आवाजात सुरू केलं. पहिली ओवी अडखळले. दुसरीपासून बोटांना पायटा सापडला. आई ज्या ठोक्यावर पाय टाकते त्यावर अंगठा, ती जिथं श्वास घेते तिथं तार मोकळी. सात, आठ, नऊ. खोलीत ऊन सरकत होतं. समोर अप्पा मान खाली घालून काज विणत होते, टाका, गाठ, टाका, गाठ.

अकरावी. विठूचा शेला झाला, लेकीचा झगा झाला, धन्याचा सदरा आला. मग आईनं पाय मारला, मशीन धडधडलं. तिथं मी काय करायचं ते आधीच ठरवलं होतं. शब्द नाहीत तर सूर तरी. त्या गुणगुणीचे सहा सूर मी एकेका तारेवर अलगद ठेवले आणि तळवा तारांवर टेकवला.

संपलं. अप्पांकडं पाहिलं. ते तसेच, मान खाली.

मी नुसतं गिटार ऐकायला म्हणून केलेलं परत लावलं. आणि व्हायचं तेच झालं होतं. गिटारच्या मागं, केसाएवढी बारीक, आई. प्रत्येक ओवीत. मखमलीतून ती सगळी दुपार झिरपत होती. माझी तासाभराची मेहनत वाया, हे कळायच्या आधी दुसरंच कळलं. तासभर ती घरात मोकळी होती. आणि अप्पा उठून गेले नव्हते.

मी अकरावीवर आले. शेला, झगा, सदरा. मशीन धडधडलं, माझे सहा सूर सुरू झाले, आणि त्या सुरांवर, गाऊन नव्हे, सुई चालवताना माणूस स्वतःशी बोलतो तसा, पण ठोक्यात, बरोबर ठोक्यात, एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज:

*गुंडी ठेविते ढिली.*

मी परत लावलं. परत. तिसऱ्यांदा लावताना मला अप्पा दिसेनासे झाले, डोळ्यांत पाणी होतं म्हणून.

सासू-सासरे, दीर, गिऱ्हाइकं, दिवसभर उघडं दार. त्या घरात बाईनं नवऱ्याच्या इतक्या जवळ जायला कारण लागायचं. आई ते कारण आठवड्यातून दोनदा शिवायची, आणि मशिनच्या आवाजाखाली त्याला कळवायची. त्याला एकट्याला.

"झालं का?" अप्पांनी विचारलं. "चांगलं आलंय?"

"बिघडलंय अप्पा. मधे आवाज शिरलाय."

"कुणाचा?"

"दोघांचा."

त्यांची सुई थांबली. कान टोकांपर्यंत लाल झाले, बिनरेक्झिनचे. मग त्यांनी काज बाजूला ठेवलं, सुई अंगरख्याच्या कडेला नीट खोचली आणि हात पुढं केला.

"आण बघू."

मी पट्टी दोन घरं सरकवून हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. गिटार नको म्हणून मूळची कॅसेटच लावली, आवाज मोठा करून. अप्पा डोळे मिटून बसले. ओठ हलत होते. पाय मशिनच्या पायट्यावर नव्हते, तरी पुढंमागं होत होते. मग एकाएकी ते मोठ्यानं, कान बंद असलेला माणूस बोलतो तसे, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असे ओरडले, "अगं कमल, ही अजून घाई करते बघ शेवटाला! सांगून सांगून दमलो, पाय हळू मार म्हणून!"

भिंतीपलीकडून भवानीबाई ओरडल्या, "काय झालं हो हणमंतराव? कोण घाई करतंय?"

अप्पांना ते ऐकू गेलं नाही. मी कॅसेट शेवटपर्यंत चालू दिली.

संध्याकाळी मी विचारलं, "मखमलीतून आवाज जातो, हे तुम्हांला खरंच ठाऊक नव्हतं?"

"मी शिंपी माणूस," अप्पा म्हणाले. "मला तुझ्या मशिनचं काय कळतं?" आणि कापडाची घडी घालायला लागले. पण कुठल्या कापडातून ऊन जातं, कुठल्यातून वारा, कुठलं अंगाला बिलगतं आणि कुठलं श्वास घेतं, हे ज्याला बोटांनी कळतं, त्याला मी आणखी काय विचारणार?

मी परत रेकॉर्डिंग केलं नाही. अप्पांनी रेक्झिन आणलं नाही. बसमध्ये आता तोच हेडफोन घालते. माझी गाणी शेजारच्या बाईला थोडी ऐकू जातात. एकदा तिनं विचारलं, हे जांभळं कुठं मिळालं? मी म्हटलं, देवाकडून.

सोमवारी भाऊ आला. मंगळवारी दसऱ्याची सकाळ, दाराला झेंडूचं तोरण, आईच्या मशिनला हळदकुंकू. तिच्या मशिनची पूजा तीन वर्षांनी झाली, त्यावरची खोळ अप्पांनी स्वतः काढली. भाची स्टुलावर बसून, पाय लोंबकळवत, कानांवर मखमल चढवून एकामागून एक ओव्या ऐकत होती. अकरावी झाल्यावर तिनं हेडफोन काढला.

"अत्ते, आता नाही पडलं," ती म्हणाली. "पण यात अज्जा पण आहे."

तेवढ्यात अप्पा आतून आले. अंघोळ झालेली, कपाळाला बुक्का, अंगात नवा पांढरा सदरा, आदल्या रात्री जेवणाआधी स्वतःच शिवून संपवलेला. भवानीबाई आपट्याची पानं द्यायला दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "काय हे हणमंतराव, सणाच्या दिवशी! गुंडी बघा लोंबते आहे तुमची!"

वरून दुसरी गुंडी. एका दोऱ्यावर.

भाची स्टुलावरून उतरून त्यांच्यापाशी गेली. गुंडीला बोट लावून तिनं ती हलवून पाहिली, आणि नुकताच कानात पडलेला शब्द चाचपत म्हणाली, "अज्जा, ढिली?"

"हो," अप्पा म्हणाले. "ठेवली आहे."